नावाखालचा बार

“यंदा वाजली पाहिजे,” आण्णा खराडे म्हणाले आणि लाल फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं, आदळलंच. मी खुर्चीसकट मागं सरलो.

“आण्णा, आधी उघडून दाखवा.”

“रिकामंच हाय रं.”

“रिकामंच आहे म्हणणाऱ्यांचीच आजवर सुटलीत. उघडा.”

आण्णा पंचाहत्तरीचे. ढवळगावचे पाटील. त्यांना ‘उघडा’ म्हणून हुकूम सोडणारा माणूस आमच्या भागात मिळायचा नाही. पण माझं दुकान ते माझं दुकान. मिरजेत आमच्या आज्यापासून हत्यारं दुरुस्त करायचं काम चालत आलंय. आधी तलवारी, मग बंदुका. सरकारचा परवाना भिंतीवर काचेत लावलेला. आज ते सगळं पुतण्या बघतो. मी नुसता दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले देतो आणि कुणी ऐकत नाही. ही गोष्ट माझे हात चालत होते तेव्हाची.

आण्णांनी कुरकुरत फडकं सोडलं, रिव्हॉल्व्हर बिजागरीवर मधून मोडून उघडलं आणि गोळ्यांची सहा घरं मला दाखवली. रिकामी होती. मग मी ते हातात घेतलं आणि माझ्या तोंडून ‘अरेरे’ निघालं.

इंग्रजी माल होता. जुना, जड, मूळचा देखणा. पण वर्षानुवर्षं दसऱ्याला पूजा होऊन होऊन त्याचा पार देव्हारा झालेला. कुंकू आणि तेल मिळून घोड्याच्या खाचेत दगडासारखं बसलं होतं. नळीला गंजाचे फोड. मुठीची लाकडं ढिली. मी स्क्रू काढून मूठ उघडली, तर आतून अक्षता पडल्या.

“हसतुस काय?” आण्णा म्हणाले.

“हसत नाही. पुलाव कधी करायचा ते बघतोय.”

आण्णांना हसू आलं नाही. ते पुढं वाकले. “गेल्या साली शिवेवर सगळा गाव उभा. मी हात वर केला. चाप वढला. टक. पुन्यांदा वढला. टक. तिसऱ्यांदा वढला. टक. मागनं कुणीतरी हसलं. माज्या जिंदगीत मला कुणी हसलं नव्हतं, इलाही.”

ढवळगावची रीत मला माहीत होती. दसऱ्याला संध्याकाळी पालखी गावाच्या शिवेवर जाते, तिथं आपट्याची फांदी रोवतात. पाटलानं हवेत एक बार काढायचा आणि मगच लोकांनी सोनं लुटायचं. बार वाजल्याशिवाय पानाला हात नाही. गेल्या वर्षी बार वाजलाच नाही. लोक ताटकळले आणि शेवटी खराड्यांच्या भाऊबंदांपैकी कुणीतरी स्वतःची बारा बोअरची बंदूक उडवली. आण्णांना ते जिवंतपणी पिंडदान झाल्यासारखं लागलं होतं.

बाहेर जीपला टेकून त्यांचा मुलगा जयसिंग उभा होता. चाळिशीचा, सांगलीला कॉलेज केलेला, सिल्कचा शर्ट. तो आत आला. “शिकलगार, नुसती दुरुस्ती नको. निकेल चढवा. चकाचक झालं पाहिजे. मुठीला हस्तिदंतासारखं काहीतरी पांढरं बसवा.”

“लग्नाच्या घोडीला बसवतात तसलं?”

“चेष्टा नको. पुढच्या वर्षीपासून माझ्या हातात यायचंय ते.”

“यील तवा यील,” आण्णा म्हणाले. जयसिंगचा चेहरा उतरला. हे बोलणं त्यांच्यात नवीन नव्हतं हे मला तेव्हाच समजलं.

चक्री पुसताना सोन्याची अक्षरं दिसली. गोळ्यांची घरं असलेल्या त्या जाड लोखंडी चक्रीवर, एकेका घराच्या पाठीवर एकेक नाव कोरून त्यात सोन्याची तार ठोकून बसवलेली. मल्हारराव. दाजीराव. आनंदराव. पुढची तीन घरं कोरी.

“हे काय?”

“आज्याचं नाव, बापाचं नाव, माजं नाव,” आण्णा म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला. “ज्याच्या हातात हत्यार आलं त्यानं आपलं नाव घालायचं. आन आपल्याच नावाखालच्या घरातनं बार काढायचा. माज्या नावाखालनं दुसऱ्या कुणाचा हात बार काढत न्हाई. वारसाला देताना तेवढा त्यो एक बार बापाच्या नावाखालनं काढतो. मग त्याचं नाव.”

आपल्याकडं वाटीचमच्यावर नाव घालतात, लग्नातल्या हंड्यावर घालतात, हे ठीक. पण बंदुकीवर कुठंही नाव घालावं, चक्रीवर घालू नये, हे त्या सोनाराला कोण सांगणार? मला तेव्हाच काहीतरी खटकलं. पण काय ते नीट कळलं नाही, आणि दोघा बापलेकांना वाटेला लावून मी कामाला बसलो.

काम मन लावून केलं. अख्खं हत्यार सुटं करून रॉकेलमध्ये बुडवलं. कुंकू खरवडून काढताना बोटं लाल झाली, तर बायको, हमीदा, म्हणाली, “मेहंदी काढलीत की काय?” टक-टक वाजण्याचं कारण सापडलं. आतली मुख्य स्प्रिंग मेली होती, घोडा काडतुसावर नुसता टेकत होता, आपटत नव्हता. भंगारात काढलेल्या त्याच जातीच्या एका रिव्हॉल्व्हरची चांगली स्प्रिंग माझ्याकडं होती, ती बसवली. गंज उतरवून निळसर काळा रंग चढवला. निकेलचं मी मनावरच घेतलं नाही. मुठीला शिसवी लाकूड घातलं. घोडा ओढून सोडला की असा खणखणीत आवाज यायचा, की मी उगाच पुन्हा पुन्हा ओढत बसायचो.

मग शेवटची तपासणी. आमच्यात एक सोपी रीत आहे. लोखंड रॉकेलमध्ये भिजवायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. कुठं चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू पांढऱ्या खडूवर उमटतं. मी चक्रीला खडू चोळून ठेवली आणि चहा प्यायला उठलो. परत आलो तर ‘आनंदराव’ या नावाच्या मधून एक काळी रेघ उमटली होती. केसाएवढी. अक्षरांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

भिंग लावून पाहिलं. मल्हाररावांचं, दाजीरावांचं नाव वरवर कोरलेलं होतं. आण्णांच्या वेळचा सोनार हौशी निघाला होता, त्यानं सोनं टिकावं म्हणून खोल खणलं होतं. खाली लोखंड उरलं होतं पातळ, आणि त्याच पातळ घरातून आण्णांनी दर दसऱ्याला बार काढला होता. बाकीची घरं ठणठणीत. चिरलं होतं ते एकच.

आणि मी त्या हत्यारात नवी, दमदार स्प्रिंग बसवली होती.

निरोप पाठवल्यावर आण्णा एकटेच आले. मी त्यांना खडूवरची रेघ दाखवली.

“ही चीर न्हाई. कोरताना वढलेली असंल.”

“चीर आहे. आता बार काढला तर घर फुटणार. तुकडा तोंडावर येईल नाहीतर बोटं जातील.”

“मग काय करू म्हनतुस?”

“माझ्याकडं याच जातीची दुसरी चक्री आहे. चांगली. ती बसवतो.”

“आन ही?”

“ही देवघरात ठेवा.”

आण्णांच्या कपाळाची शीर फुगली. “आज्याचं, बापाचं नाव उतरून ठिवू? आन कुन्या परक्याच्या बंदुकीची चक्री लावू?”

“बरं, मग कोऱ्या घरातून काढा बार. ती घरं चांगली आहेत.”

“बेवारशागत? नावाबिगर?”

“मग निदान दोरी बांधून लांबून एकदा उडवून बघू. खरं-खोटं होईल.”

“माज्या नावाखालनं दोरी बार काढणार व्हय?” ते उभे राहिले. “इलाही, खरं सांग. कुनी शिकवलं तुला हे? मागच्या साली हसले त्यांनीच न्हवं?”

मला राग आला. खूप आला. मी म्हणालो, “आण्णा, मला शिकवायला तुमच्या भाऊबंदांना आधी स्वतः शिकावं लागेल.” एरवी ते खळखळून हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत.

“उद्या जयसिंगला धाडतो. त्याच्याकडं दे. हाय तसं.”

ते गेल्यावर मी हत्यार पुन्हा जोडलं आणि कानस हातात घेतली. घोड्याचं टोक अगदी जरासं घासलं असतं, तर ते काडतुसापर्यंत पोचलं नसतं. टक वाजलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. आण्णांची बोटं राहिली असती आणि अब्रू गेली असती. आणि ती मी घालवली असती, त्यांना न सांगता. मी कानस खाली ठेवली. परत उचलली. परत ठेवली. हे किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी मी ती खणात टाकून खण लावून घेतला. दुरुस्त म्हणून दिलेलं हत्यार माझ्याच हातानं मुद्दाम बिघडवणं मला जमेना. पण चांगलं म्हणून दिलेलं हत्यार माणसाचा हात नेणार हेही गिळवत नव्हतं.

पोलिसांत जावं, तर परवाना आण्णांचा, हत्यार आण्णांचं. आणि गावचा पोलीस पाटील आण्णांचा सख्खा पुतण्या.

जयसिंग आला. मी त्यालाही रेघ दाखवली, सगळं सांगितलं. त्यानं चक्री उजेडात धरून हसून बघितलं. “एवढीशी? आण्णा म्हणतात, तुम्ही घाबरलाय.”

“घाबरलोय. तुम्हीही घाबरा.”

“निकेल का नाही चढवलं?” तो म्हणाला आणि हत्यार घेऊन गेला.

त्यानंतर दसऱ्यापर्यंत माझं जेवणात लक्ष नव्हतं. दसऱ्याच्या दुपारी मी ताटावरून उठायला लागलो तशी हमीदा म्हणाली, “जावा मग. इथं बसून भाताला कशाला सतावताय?”

मी एसटी पकडली. भाकरी बांधावी तशी ती दुसरी चक्री रुमालात बांधून खिशात घेतली होती. उपयोग होईल असं वाटत नव्हतं, पण रिकाम्या हातानं जाववेना.

शिवेवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पालखी टेकवलेली, हलगी घुमत होती, पोरंसोरं फांदीकडं डोळे लावून दबा धरून बसलेली. मधोमध आण्णा, डोक्याला गुलाबी फेटा. त्यांनी मला गर्दीतून येताना बघितलं.

“आलास? वाजतीय का बगाया?”

“हो.”

मी त्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिलो, खांद्याला खांदा लावून.

“सरक तिकडं,” ते पुटपुटले. “हितं कुनी उभं ऱ्हात न्हाई.”

“मी राहतो.”

“का?”

“माझं काम आहे ते. फुटलं तर मलाही लागू दे.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शिवी तोंडात आली होती, ती गिळली. मग रिव्हॉल्व्हर उघडलं, कमरेच्या पट्ट्यातलं एकच काडतूस काढलं आणि ‘आनंदराव’ लिहिलेल्या घरात सरकवलं. चक्री फिरवून घर घोड्यासमोर आणलं. हलगी थांबली. मी मोठा शूर असल्यासारखा येऊन उभा राहिलो खरा, पण पळून जावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

आण्णांनी हात वर केला. सोन्याची अक्षरं उन्हात चमकली. हात थरथरत होता. वयानं असेल, नाहीतर त्या रेघेनं असेल. त्यांनी अंगठ्यानं घोडा मागं ओढला. नव्या स्प्रिंगचा तो आवाज मी ओळखला. माझाच हात होता त्याच्यामागं.

“आण्णा,” जयसिंग पुढं झाला. हळूच बोलला, पण मला ऐकू आलं. “हात हलतोय तुमचा. लोक बघतायत. द्या इकडं. तसाही एक बार मी तुमच्या नावाखालून काढायचाच आहे. आज काढतो.”

त्यानं हात पुढं केला. आण्णांचा हात अजून वरच होता. त्यांनी मुलाच्या त्या पुढं आलेल्या हाताकडं पाहिलं. मोठा, गोरा हात, मधल्या बोटात पुष्कराजाची अंगठी. पाहतच राहिले. मग मान माझ्याकडं वळवून अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “इलाही. माज्या पोराच्या हातात दिऊ का?”

त्या आवाजात पाटील नव्हता.

“नका देऊ,” मी म्हणालो.

“तुज्या लेकराची शपथ घे.”

“घेतली. नका देऊ, आण्णा.”

त्यांनी अंगठ्यानं घोडा धरला आणि हळूहळू, अगदी हळूहळू खाली आणून टेकवला. तेवढ्यात अंगठा निसटला असता तर संपलं होतं. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा रिव्हॉल्व्हर मधून उघडलेलं होतं आणि काडतूस आण्णांच्या मुठीत होतं.

“आण्णा, काय करताय?” जयसिंगचा आवाज चढला.

आण्णा त्याच्याशी बोलले नाहीत. गर्दीकडं वळले. “यंदा बार न्हाई!”

कुणी हललं नाही. मागच्या बाजूनं तोच हसण्याचा आवाज आला. आण्णांनी तिकडं बघितलंही नाही. ते फांदीकडं चालत गेले, स्वतःच्या हातानं पान तोडलं आणि पालखीपुढं ठेवलं. “बगता काय? लुटा सोनं.”

मग गाव तुटून पडला. त्या धुळीत जयसिंग एकटाच जागेवर उभा होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, “सगळ्या गावादेखत माझा हात रिकामा परत पाठवला. तुमचं ऐकून. मी चाळीस वर्षं पोरगाच राहिलो त्यांच्या लेखी.” त्याचे डोळे भरले होते. त्यानं बापाला सोनंसुद्धा दिलं नाही. आण्णा पान हातात धरून थोडा वेळ थांबले आणि मग ते त्यांनी मला दिलं. मी वाकून पाया पडलो.

दुसऱ्या दिवशी दोघं माझ्या दुकानात आले. जयसिंगनं रिव्हॉल्व्हर उघडून टेबलावर ठेवलं. “आता दोरी बांधा. उडवून बघू. काही झालं नाही, तर शिकलगार, तुम्ही येऊन शिवेवर सगळ्यांसमोर सांगायचं, की तुम्ही खोटं बोललात.”

“सांगीन,” मी म्हणालो.

आण्णा जीपकडं वळले.

मिरजेबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. चाचणीचा बार आम्ही तिथंच काढायचो. दोन मोठ्या धोंड्यांमध्ये रिव्हॉल्व्हर घट्ट आवळलं, वाळूची पोती रचली, आण्णांच्या नावाच्या घरात काडतूस घातलं आणि चापाला सुतळी बांधून आम्ही मोठ्या दगडाआड आलो. मी सुतळी हातात घेतली.

“हिकडं आन,” आण्णा म्हणाले.

“मी ओढतो ना.”

“माजं नाव हाय तिच्यावर. दोरी बी मीच वढणार.”

त्यांनी सुतळी मुठीला गुंडाळली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि ओढली.

आवाज बाराचा नव्हता. फाटल्यासारखा होता. खाणीतली कबुतरं उडाली. डोक्यावरून काहीतरी भणभणत गेलं आणि मागच्या कड्यावर जाऊन आपटलं.

जयसिंग पहिला गेला. आण्णांच्या नावाचं घर जागेवर नव्हतं. शेजारची दोन घरं उघडी पडली होती, चक्रीवरची पट्टी वाकून कमानीसारखी झाली होती आणि माझी नवी शिसवी मूठ उभी चिरली होती. समोरच्या पोत्याला भोक पडून वाळू गळत होती. जयसिंग वाकला. त्यानं आपला उजवा हात त्या मुठीच्या जवळ नेला, धरताना न्यावा तसा, पण टेकवला नाही.

आण्णा काठी टेकत आले. ते हत्यार त्यांनी नीट बघितलं. नावं शोधली असावीत. मल्हारराव तेवढं शाबूत होतं. मग त्यांनी मला विचारलं, “ही चीर गेल्या साली बी व्हती का रं?”

“असणार. एका दिवसात पडत नाही ती.”

“गेल्या साली स्प्रिंग मेली व्हती.”

“हो.”

“म्हनून वाजली न्हाई.”

“हो, आण्णा.”

ते धोंड्यावर बसले. “गावादेखत मान खाली गेली म्हनून मी वरीसभर देवाला शिव्या घातल्या,” ते म्हणाले. “तीनदा चाप वढला व्हता रं मी. तीनदा.”

जयसिंगनं वळून बापाकडं पाहिलं. तो आला, त्यांच्यासमोर मांडी घालून त्या धुळीतच बसला, सिल्कच्या शर्टासकट, आणि त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. एकेक बोट चाचपून बघावं तसा धरला.

आण्णांनी मान दुसरीकडं फिरवली. हात मात्र ओढून घेतला नाही.

“सोड की,” ते म्हणाले. “लोक बगत्यात.”

खाणीत आम्ही तिघांशिवाय कुणी नव्हतं.